बाकीची फुलं कुठायत?

ल्यों शहरात फुलं रंगवणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता; पण एका फुलदाणीत सगळ्यांत जास्त फुलं कोंबावीत तर ती आँतेल्म ब्रोसेतनेच. वसंतातला ट्युलिप आणि शरदातला डेलिया त्याच्या कॅनव्हासवर सख्ख्या बहिणींसारखे गळ्यात गळा घालून बसायचे. एका पानावर दवाचा थेंब, संगमरवरी टेबलावर गळलेल्या दोन पाकळ्या आणि एका गुलाबावर माशी, हे ठरलेलं. माशी इतकी हुबेहूब, की एका पाद्रीबुवांनी ती रुमालाने हाकलली होती. ही गोष्ट आँतेल्म गेली सोळा वर्षं येईल त्याला ऐकवत होता.

"दर वर्षी माशी मोठी होतेय बरं का," त्याची बायको पेर्नेत पाहुण्यांना सांगायची. "पुढच्या खेपेला पाद्रीबुवा बंदूक घेऊन येतात की नाही बघा."

पेर्नेत क्र्वा-रूसच्या टेकडीवरची, मागवाल्याची मुलगी. लहानपण रेशमाच्या मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे बोलणं मोठ्याने आणि नेमकं. दर मंगळवारी उजाडता उजाडता ती सोन नदीच्या काठावरच्या बाजारात जायची, दोन्ही हातांवर टोपल्या भरून फुलं आणायची, आणि मग फुलदाणीत ओलं शेवाळ दाबून, तारेचे तुकडे वळवून, दोन-तीन तास खपून गुच्छ उभा करायची. तो उभा राहिला की आँतेल्म दाढी कुरवाळत यायचा, खुर्चीत बसायचा आणि रंगवायला लागायचा. चित्राखाली नाव त्याचं. पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

अठराशे सदुसष्टच्या फेब्रुवारीत पेर्नेतचा धाकटा भाऊ क्लोदियुस योकोहामाहून परत आला. देशभरातले रेशमाचे किडे रोगाने मरत होते, म्हणून निरोगी अंडी आणायला ल्योंचे व्यापारी थेट जपानात माणसं धाडत. क्लोदियुस त्यांतलाच एक. तो वाळून काटकी झाला होता, मिशा मात्र दुप्पट झाल्या होत्या. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर पेटी उघडली. आत अंडी चिकटवलेले पुठ्ठे होते, आणि ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये मध्ये कागद घातले होते.

पेर्नेत माशाच्या क्वेनेल, म्हणजे पिठातले लांबट गोळे, वळत होती. पिठाच्या हातानेच तिने एक कागद उचलला. त्यावर चित्र छापलेलं होतं. आयरिसची तीन फुलं. त्यांतलं डावीकडचं कागदाच्या कडेला अर्धंच कापलेलं. मागे नुसता फिकट पिवळा रंग.

"हे बघ, तुझ्या जातभाईने काढलंय," तिने नवऱ्याला कागद दिला.

आँतेल्मने चष्मा चढवला. "हे अर्धंच आहे."

"तिकडे असंच काढतात, भावजी," क्लोदियुस म्हणाला.

"कागद संपला असेल बिचाऱ्याचा."

"संपला कसला? एवढा मोकळा पडलाय की," पेर्नेत म्हणाली.

"फुलाला सावली नाही. सावली नसलेलं ते फूल म्हणायचं की भूत? फुलदाणी नाही, टेबल नाही, दवाचा थेंब नाही..."

"माशी नाही," पेर्नेतने हळूच भर घातली.

आँतेल्मने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. "याला कुणीतरी नीट करायला हवं," तो म्हणाला, आणि कागद काखेत मारून चित्रखोलीत गेला.

नीट करायला म्हणून त्याने ती फुलं जशीच्या तशी उतरवून घेतली आणि खाली एक सुरेख फुलदाणी काढली. फुलं एकदम ओशाळल्यासारखी दिसायला लागली. मग त्याने टेबल काढलं. मग सावली टाकली. संध्याकाळपर्यंत चित्र इतकं केविलवाणं झालं, की त्याने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने तो जेवताना अचानक क्लोदियुसला म्हणाला, "हा माणूस उरलेल्या फुलाचं काय करतो?"

"भावजी, मी किड्यांची अंडी आणतो. मला फक्त किडे विचारा."

"पण ते अर्धं फूल कडेच्या बाहेर आहे, हे मला दिसतं! काढलेलं नसून दिसतं!"

क्लोदियुसने बहिणीकडे पाहिलं. पेर्नेतने त्याच्या ताटात आणखी एक क्वेनेल वाढली आणि म्हणाली, "खा तू. त्याला बरं नाहीये."

सोमवारी रात्रीच्या जेवणावर आँतेल्मने सांगितलं, "उद्या टोपल्या नको नेऊस. बदामाची एक फांदी आण फक्त."

"एकच?"

"एकच."

"मग हात तरी कशाला अडकवू? केसांत खोचून आणते."

तो हसला, तीही हसली. पण मंगळवारी सकाळी ती एक फांदी घेऊन बाजारातून निघाली, तेव्हा फुलवालीने विचारलं, "काय गं, नवरा आजारी की काय?" आणि पुलावरून येताना आपले हात रिकामे आहेत हे पेर्नेतला सारखं जाणवत राहिलं. तिला ते आवडलं नाही.

मार्च बदामाच्या फांदीत गेला, एप्रिल चेरीच्या. आँतेल्म फांदी बरणीत ठेवायचा, समोर बसायचा, रंगवायचा आणि पुसायचा. फुलं त्याने आयुष्यभर रंगवली होती. प्रत्येक पाकळी बिनचूक उतरायची. पण सगळं मिळून जे व्हायचं ते पाहून पेर्नेत म्हणायची, "छान आहे. दाराआड ठेवू या. केर काढायला हा खराटा बरा."

किंवा, "याला फूल आलंय, की माणूस सर्दीने शिंकलाय?"

एप्रिलच्या शेवटी तो जेवण अर्धवट टाकून उठायला लागला, तेव्हा तिने थट्टा कमी केली. तिने थट्टा कमी केलेली पाहून तो आणखीच घाबरला.

मेमध्ये मादाम पेराशाँचं काम आलं. रेशीमव्यापाऱ्याची विधवा, गावाबाहेर नदीकाठी मोठी बाग. सप्टेंबरात मुलीचं लग्न होतं आणि तिला जेवणघरासाठी चित्र हवं होतं, ज्यात बागेतलं प्रत्येक फूल असेल. "प्रत्येक" या शब्दाखाली तिने चिठ्ठीत रेघ ओढली होती. आणि चुकून काही राहू नये म्हणून तिने माळ्याबरोबर अख्खी हातगाडी भरून फुलं पाठवली: पिअनी, गुलाब, लायलॅक, स्नोबॉल, खसखशीची फुलं. पायऱ्यांवर बादल्या, कोठीत घागरी, न्हाणीच्या टबात लिली.

पेर्नेतने बाह्या सरसावल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं. शेवाळ भिजवून तयार होतं, तारा कापून तयार होत्या. तेवढ्यात आँतेल्म दारात आला, सगळीकडे नजर फिरवली, आणि एका बादलीतून पिअनीची एक फांदी उचलून म्हणाला, "मला एवढीच पुरे."

"आणि मादाम पेराशाँला?"

"तिलाही पुरेल."

"तिने 'प्रत्येक'खाली रेघ ओढलीय, आँतेल्म."

"मी वाचलंय."

पेर्नेतने शेवाळ खाली ठेवलं. "म्हणजे आता या घरात माझ्या हातांना काम नाही, असंच ना? क्वेनेल वळू आणि गप्प बसू?"

तो मोकळेपणाने हसला. पंचवीस वर्षं थट्टा करणाऱ्या बाईचं हेच नशीब असतं. ती खरं बोलली तरी माणसं हसतात. "तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणत तो फांदी घेऊन आत गेला.

पेर्नेत स्वयंपाकघरात आली. तिने पातेली घासली, जी घासलेलीच होती. कांदे चिरले, लागणार होते त्याच्या तिप्पट. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचंच, असं तिने स्वतःला बजावलं. भिंतीपलीकडून दर पाच मिनिटांनी आँतेल्मचा सुस्कारा ऐकू येत होता. पहिल्या दहा सुस्काऱ्यांपर्यंत तिला समाधान वाटलं. त्यानंतर राहवेना. बादली आणायच्या निमित्ताने ती चित्रखोलीत शिरली.

बरणीत पिअनीची ती फांदी होती. पाच फुलं, तीन कळ्या, आणि पानांचा नुसता गदारोळ. पुढे तिचा नवरा डोकं हातांत धरून बसला होता.

"हे काय मांडलंयस? कोबीचा गड्डा?"

"चेष्टा नको गं आज."

"चेष्टा नाही. बाजूला सरक."

अॅप्रनच्या खिशातून तिने कात्री काढली. कच. मधलं मोठं फूल खाली पडलं. आँतेल्म किंचाळला. "अगं, तेच तर सगळ्यांत चांगलं होतं!"

"म्हणून तर. बाकीचं कुणी दिसतच नव्हतं त्याच्यापुढे." कच, कच. दोन फुलं गेली, मग पानं, मुठीमुठीने. ती एकेक देठ बोटात धरायची, डोळे बारीक करायची आणि कापायची. रागाचा जोर होता, पण हात सावकाश चालत होता. शेवटी एक टपोरं, भारानं मान टाकलेलं फूल राहिलं, त्याच्या मागे एक कळी, आणि दूर खालच्या बाजूला एकुलतं एक पान. तिने फांदी बरणीतून काढून शेल्फाच्या कडेला ओल्या चिंधीत अडकवली, अशी की खुर्चीतून पाहिलं तर फुलाचा एक भाग पडद्याआड जायचा.

"आता बघ."

आँतेल्मने पाहिलं. मग म्हणाला, "हात लावू नकोस कशाला."

"मीच लावलाय, आणि मलाच सांगतोस?"

"तुला कसं कळलं, काय काढायचं ते?"

पेर्नेत त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे माणसा, मी इतकी वर्षं दुसरं काय करतेय? मंगळवारी मी दीडशे फुलं आणते, तू चाळीस रंगवतोस. बाकीची कुठे जातात असं वाटलं तुला?"

"मला वाटलं... तू स्वयंपाकघरात ठेवतेस."

"ठेवते! पण आधी गुच्छातून काढते. कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, कुठलं फूल शेजारणीचा रंग खातं, हे कोण ठरवत होतं? देवदूत?"

आँतेल्मने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याच्या चेहऱ्यावरून असं वाटत होतं की तो मनातल्या मनात पंचवीस वर्षांचे गुच्छ एकेक करून परत बघतोय. "मघाशी," तो शेवटी म्हणाला, "ते हातांना काम नाही म्हणालीस, ती थट्टा नव्हती."

"नव्हती."

"मला कळायला हवं होतं."

"हवं होतं. आता रंगव. पिअनी काही तुझ्या पश्चात्तापासाठी थांबणार नाही."

ती खरंच थांबली नाही. तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळाल्या. पण बादल्या भरलेल्या होत्या. पेर्नेत रोज सकाळी तशीच मान टाकलेली फांदी हुडकायची, छाटायची, त्याच चिंधीत तशीच अडकवायची. दुपारी जेवण झालं की ती खिडकीशी विणत बसायची, आणि अधूनमधून मान वर न करता म्हणायची, "खाली काही घालू नकोस हां." तो दचकून कुंचला मागे घ्यायचा. त्याचा हात सवयीने टेबल काढायला निघालेला असायचा.

बारा दिवसांनी मादाम पेराशाँ आली. चित्रासमोर उभी राहिली. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सुंदर," ती म्हणाली. "आणि बाकीची फुलं कुठायत?"

"एवढंच आहे, मादाम," आँतेल्म म्हणाला.

"मी अख्खी बाग पाठवली होती."

"पोचली, मादाम, पोचली," पेर्नेत म्हणाली. "आम्ही आठवडाभर आंघोळ केली नाही. टबात तुमच्या लिली होत्या."

"हे फूल तर चौकटीच्या बाहेर चाललंय."

"हो, मादाम."

"मग त्याला आत घ्या."

"जपानात, मादाम, चित्रकार असं..."

"माझं जेवणघर ल्योंमध्ये आहे, महाशय." मादामने मान तिरकी करून पुन्हा एकदा पाहिलं. ती वाईट बाई नव्हती; चित्रात काहीतरी आवडण्यासारखं सापडावं म्हणून मनापासून धडपडत होती. "बरं, निदान माशी तरी? तुमची ती प्रसिद्ध माशी? पाद्रीबुवांची?"

पेर्नेतने नवऱ्याकडे पाहिलं. माशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि पानावर एवढीशी काळी टिकली टाकायला लागणार किती वेळ? त्याची बोटं कुंचल्याकडे गेलेली तिने पाहिली. मग ती परत आली.

"माशी उडून गेली, मादाम," आँतेल्म म्हणाला.

पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने केलेला हा पहिला विनोद. पेर्नेत इतकी मोठ्याने हसली, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मादाम पेराशाँ आधी रागावली, मग गोंधळली, आणि मग तिलाही हसू आवरेना.

पिअनी मात्र तिने नेली नाही. जून महिन्यात नवरा-बायकोने तिला हवा होता तसा गुच्छ करून दिला. पेर्नेतने तो हौसेने बांधला, खोटं कशाला बोला. एकसष्ट प्रकारची फुलं, सगळी एकमेकांच्या खांद्यावर. आँतेल्म रंगवताना विचारायचा, "हे काढू या का?" आणि ती म्हणायची, "इथे नाही. इथे भरायचं कबूल केलंय, तर भर." माश्या दोन घातल्या, एक लग्नाची भेट म्हणून. लग्नात म्हणे पाहुण्यांनी जेवण थंड होईपर्यंत फुलं मोजली.

पिअनी जानेवारीत शहराच्या वार्षिक प्रदर्शनात गेली. तिथे ती एका दारावर इतकी उंच टांगली होती, की बघायला मान मोडावी लागे. एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: श्री. ब्रोसेत यांचे रंग मध्येच संपलेले दिसतात, तरी मित्रमंडळींनी मदत करावी. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी दारात हिरव्या रंगाची नळी ठेवून गेलं, लाल फीत बांधून.

आँतेल्मचा चेहरा उतरला. पेर्नेतने नळी उघडून बोटावर रंग घेतला. "अरे, चांगल्यातला आहे! आता कुठे निळ्याबद्दल काही लिहून येतंय का बघू." त्याला हसू फुटलं, आणि त्या दिवशी दोघं बोजोले वाइन प्यायला खाली गेली.

पिअनी विकली गेली नाही. शेवटपर्यंत ती त्यांच्या झोपायच्या खोलीतच राहिली. पण आँतेल्मच्या गुरुवारच्या वर्गातल्या मुली, ज्या रेशमाच्या कापडावरची नक्षी काढायला शिकायच्या, त्या प्रदर्शनात जाऊन आल्या होत्या. अकराही जणींनी येऊन सांगितलं, की आम्हाला दारावरच्या चित्रासारखं शिकायचंय.

"ते मला येत नाही," आँतेल्म म्हणाला. "ते मादाम शिकवतील."

पेर्नेतला ही बातमी जिन्यातच कळली. "मी? मला तर कुंचलाही धरता येत नाही!"

"कुंचल्याचं मी बघतो. तू कात्री आण."

पुढच्या गुरुवारी ती टेकडीवरच्या रीतीचा, लग्नातला काळा पोशाख घालून वर्गात उभी राहिली, इतकी घाबरलेली की 'बसा' म्हणायचं विसरली आणि मुली दहा मिनिटं उभ्याच राहिल्या. मग तिने प्रत्येकीपुढे नीसहून रेल्वेने आलेल्या मिमोसाच्या पिवळ्या फुलांचा भारा ठेवला. "अर्धा काढून टाका," ती म्हणाली. मुलींनी काढला. "आता राहिलेल्यातला अर्धा." कुरबुर सुरू झाली. "आता पुन्हा."

पहिल्या बाकावरची एक पोर रडवेली झाली. "मादाम, पण यातलं वाईट कुठलं आहे?"

"एकही नाही गं. वाईट असतं तर मी कशाला आले असते? त्याला केरवाला पुरे."

शेवटच्या बाकावर आँतेल्म बसला होता, गुडघे बाकात अडकवून. त्याने हात वर केला. "मादाम, माझं झालं."

पेर्नेत तिथवर गेली. त्याच्यापुढे एक हिरवी काडी होती. फूल एकही नव्हतं.

"हे काय?"

"तू म्हणालीस काढा. मी काढत गेलो."

मुली तोंडावर हात दाबून खुदखुदायला लागल्या. पेर्नेतने काडी उचलली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि त्याच्या वरच्या खिशात खोचून टाकली.

"ऊठ, नवा भारा घे," ती म्हणाली. "आणि या खेपेला शेजारणीचं बघून करू नकोस."